भात्यावालीचं नाव

रोज सकाळी भट्टी पेटवायच्या आधी ती मागच्या दारानं चर्चमध्ये जायची आणि ऑर्गनच्या भात्याचा दांडा चाळीस वेळा ओढायची. वाजवायला कोणी नसायचं. लाकडी पडदीमागे अंग चोरून उभं राहायचं, मनगटाएवढ्या जाड दांड्याला दोन्ही हात घालायचे, खाली ओढायचा, वर सोडायचा. चाळीस झाले की दांडा पदरानं पुसायचा, दाराला कडी घालायची आणि कामाला लागायचं. चामडं रोज हललं नाही तर कडक होतं, कडक झालं की घडीवर चिरतं, आणि चिरलेल्या चामड्यात उंदीर संसार थाटतात, असं तिचा बाप म्हणायचा. बाप लोहार होता. त्याच्या भट्टीचा भाता तिनं सातव्या वर्षी हातात घेतला, चर्चचा एकोणिसाव्या वर्षी. दोन्ही मरेपर्यंत सुटले नाहीत. गाव तिला भात्यावाली म्हणायचं, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. "भाता आहे म्हणून भात्यावाली. नुसती वाली म्हणाले असते तर राग आला असता," असं ती म्हणे.

आमचं चर्च मेथडिस्ट. त्याचा इतिहास सांगायचा तर तो तिच्या घरातूनच सांगावा लागतो. सव्वाशे वर्षांपूर्वी एक फिरता उपदेशक घोड्यावरून या बाजूनं चालला होता. त्याला पुढच्या मोठ्या गावी जायचं होतं. इथं थांबायचं त्याच्या मनातही नव्हतं. घोड्याचा नाल निखळला म्हणून तो लोहाराच्या दारात उतरला. तो लोहार म्हणजे हिचा पणजोबा. भट्टी गार होती. पणजोबा म्हणाला, "तापायला वेळ लागेल. तोवर तुम्हांला काय बोलायचंय ते बोलून घ्या." फाळ आणि विळे घेऊन पाचसात माणसं खोळंबली होती, त्यांना पळून जायलाही जागा नव्हती. उपदेशक बोलला. नाल बसला तरी तो बोलतच होता. पुढची सात वर्षं दर रविवारी मंडळी त्याच भट्टीत जमली. बसायला ओंडके, आणि पाळकाच्या पुस्तकाला ऐरण.

मग डोंगराच्या पोटाशी दगडाची खाण सुरू झाली, माणसं वाढली, भट्टी पुरेना. खाणीतल्या लोकांनी ठरवलं की शनिवारी घरी परतताना प्रत्येकानं एक दगड आणायचा. आमच्या चर्चच्या भिंतीत म्हणूनच दोन दगड सारखे नाहीत. कोणी छान घडवलेला आणला, कोणी वाटेत सापडेल तो. उत्तरेच्या भिंतीत खिडकीखाली एक दगड तिरका बसलाय. तो ज्यानं आणला तो त्या शनिवारी सरळ चालत नव्हता, असं जुनी माणसं हसून सांगत.

ऑर्गन नंतर आला, जुनाच. शहरातल्या मोठ्या चर्चनं नवा घेतला आणि हा आम्हांला दिला. पाच गाड्यांतून आणला, नळ्या गाद्यांत गुंडाळून. वाजवणारा पुढे सगळ्यांसमोर बसायचा. त्याला हवा पुरवणारा मागे, पडदीच्या आड. तिथं एक दांडा, एक भोक, आणि त्यातून आलेल्या दोरीला लोंबणारा शिशाचा एक गोळा. पडदीवर पेन्सिलीनं मारलेल्या दोन रेघा. गोळा या रेघांच्या मध्ये राहिला पाहिजे. वरच्या रेघेपलीकडे चढला म्हणजे भाता रिकामा होत आला, आणि सूर रडायला लागणार.

भात्यावालीनं बावन्न वर्षं उपासनेत त्या गोळ्याकडे पाहिलं. तिला एकही गीत शब्दांनी येत नव्हतं. कुठल्या गीताला किती वारा लागतो ते मात्र ठाऊक होतं. "ते हलकं आहे, तीन कडवी अशीच जातात," म्हणायची. "ते दुसरं मेलं दमवतं. शेवटच्या कडव्याला सगळ्या नळ्या उघडतात." कंपाउंडर तेव्हा तरुण होता. दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधायचा आणि रविवारी ऑर्गन वाजवायचा. तो पडदीवर टिचकी मारून विचारायचा, "काय गं, आहेस ना?"

"नसले तर कळेलच तुला."

"मी बोटं मोडतो, तू पाठ मोड. देव दोघांचं बघतोय."

"तुझं बघत असेल. माझ्यापुढं पडदी आहे."

गावात वीज आली तेव्हा भात्याला मोटर बसवायचं मंडळीच्या बैठकीत ठरलं. मग ते दर वर्षी ठरत राहिलं.

मेथडिस्ट पाळक एका जागी टिकत नाही, तशी आमची रीतच आहे. तीन वर्षं, फार तर चार, की बदली. जुना सामान बांधून जातो, नवा येतो. त्याला जुन्याकडून एक किल्ली, एक कपाट आणि सभासदांची नोंदवही मिळते. वहीत जे आहे ते त्याला माहीत, बाकीचं त्यानं आपलं आपण शोधायचं. भात्यावालीनं असे सोळा पाळक पाहिले. पाहिले म्हणजे ऐकले. मागून दिसत कोणीच नाही. ती त्यांना खाकरणारे, घाई करणारे, 'म्हणून' म्हणणारे, नाकातले अशी ओळखायची.

पाळक असे येतात-जातात म्हणून मंडळीची खरी देखभाल करायला वर्ग असतात. दहाबारा सभासदांचा एक वर्ग आणि त्याचा एक वर्गप्रमुख. तो गावातलाच, कुठं न जाणारा. वर्गप्रमुखानं दर तीन महिन्यांनी प्रत्येक सभासदाच्या घरी जायचं, त्याच्याजवळ बसायचं, एक ठरलेला प्रश्न विचारायचा – "जिवाचं कसं चाललंय?" – आणि सभासदत्वाचं छोटंसं तिकीट हातात ठेवायचं. चांगल्या दिवसांत आमच्याकडे दीडशे सभासद होते आणि वर्ग बरेच. खाण आटत गेली तसे तीन उरले. एक सुताराचा, एक कंपाउंडरचा, एक शाळेतल्या बाईंचा.

भात्यावालीच्या घरी यांतलं कोणी कधी गेलं नाही.

सुरुवातीला ती वाट पाहायची. तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात उंबऱ्यावरची काजळी खरवडून काढायची, भट्टीमागच्या खोलीत टेबलावर दोन कप मांडून ठेवायची. खिडकीतून रस्ता दिसायचा. वर्गप्रमुख खांद्याला पिशवी लावून येताना दिसे, समोरच्या घरी शिरे, अर्ध्या तासानं बाहेर पडे आणि तिच्या दारावरून पुढे जाई. अशी एक दोन वर्षं गेली. एकदा बापानं ते कप पाहिले. तोवर त्याचा पाय गेला होता, खाटेवरून म्हणाला, "भट्टीवाल्याच्या घरी पांढऱ्या कपड्यांची माणसं बसत नाहीत, पोरी. उठताना डाग घेऊन उठावं लागतं."

तिनं कप वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवले. त्यानंतर पिशवी रस्त्यात दिसली की ती ऐरणीवर जोरात घाव घालायला लागे. कोणी विचारलंच तर म्हणता यावं, की ते येणार होते, पण मीच कामात होते.

बाप गेला. तिनं लग्न केलं नाही. आधी बापामुळे, नंतर सवयीमुळे. भट्टी एकटीनं चालवली. विळ्यांना धार, फाटकांना बिजागऱ्या, खोऱ्यांना दांडे. बाईमाणसाच्या हातचा विळा कापतो का, असं एकानं विचारलं तेव्हा तिनं "बोट ठेवून बघ" म्हणून विळा पुढं केला, आणि तो विषय गावात कायमचा मिटला. पण कामासाठी येणारा दारातच उभा राहतो. वस्तू घेतो आणि जातो. आत, मागच्या खोलीत, वर्षानुवर्षं कोणी आलं नाही. ती दिवसभर घणाच्या आवाजात असायची आणि संध्याकाळी भट्टी विझली की एवढी शांतता व्हायची की तिला स्वतःचं जेवणं ऐकू यायचं. हे तिनं पुढे बाईंना सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. चपात्या करपतात म्हणून सांगावं तसं.

खाण बंद पडली. मोठा रस्ता डोंगराच्या पलीकडून गेला. माणसं रस्त्यामागे गेली. तिचा सतरावा पाळक आला तेव्हा त्याच्याकडे सात गावांची सात चर्चं होती. या सातांचं मिळून सर्किट. तो मोटारसायकलवरून फिरायचा आणि आमच्याकडे तिसऱ्या रविवारी यायचा. वयानं लहान, बोलायला गोड. सर्किटच्या मोठ्या पाळकांनी त्याला दोन कामं दिली होती. प्रत्येक चर्चचा दोन पानी इतिहास लिहायचा, आणि सभासद मोजायचे. जिथं सहाहून कमी असतील ते चर्च बंद करून शहरातल्या चर्चला जोडायचं.

आमच्या चर्चचे त्यानं मनात सहा मोजले होते. बाई, कंपाउंडर, पोस्टमन, खाणीच्या मुकादमाच्या दोन विधवा सुना आणि भात्यावाली. बरोबर सहा. म्हणून तो निर्धास्त होता, आणि इतिहास विचारायला वही काखेत मारून भट्टीत आला.

"ऐरणीवर बसू नका, पाळकसाहेब. पँट जाईल."

"मावशी, पहिली सात वर्षं मंडळी इथंच बसली म्हणता, आणि मला बसू देत नाही?"

"ते लोक काळेच होते, त्यांचं काय जाणार!" म्हणत तिनं एक पोतं झटकून अंथरलं.

तिनं त्याला घोड्याचं सांगितलं, तिरक्या दगडाचं सांगितलं. तो लिहीत गेला. मग म्हणाला, "आता सध्याचे सभासद. तुमची तारीख काय लिहू?"

"वहीत असेल की. बावीस वर्षांची होते. खाकरणारे पाळक होते तेव्हा. त्यांचा शेवटचा महिना."

त्यानं पानं मागे उलटली. वर्ष सापडलं, महिना सापडला. त्या रविवारी तीन जणांना सभासद म्हणून घेतल्याची नोंद होती. सुताराची मुलगी आणि मुकादमाचे दोन मुलगे. खाली पाळकाची सही.

"तुमचं दिसत नाहीये."

"चष्मा पुसा."

त्यानं पुसला. पान पुढे उलटलं, मागे उलटलं. पुढच्या रविवारी नव्या पाळकाचं अक्षर सुरू होत होतं. तिनं हात धुतले, कोरडे केले आणि वही स्वतःकडे ओढली. बराच वेळ ती त्या तीन नावांकडे बघत राहिली.

त्या रविवारी चौघांना घ्यायचं होतं. सभासद करून घेताना पाळक प्रत्येकाला पुढे बोलावतो, सगळी मंडळी उभी राहून गीत म्हणते, आणि ते चालू असताना पाळक त्याचा उजवा हात हातात घेतो. ते गीत लांबलचक. भाता एकदा भरला तर त्याचं एक कडवं जेमतेम निघायचं. ती दांडा सोडून पुढे गेली असती तर अर्ध्यात ऑर्गन मुका झाला असता, आणि कंपाउंडर त्या दिवशी पहिल्यांदाच मंडळीसमोर वाजवत होता. त्याची आई पुढच्या बाकावर रडायच्या तयारीनं बसली होती. म्हणून ती गेली नाही. तिघांचे हात हातात घेतले गेले. उपासना संपल्यावर खाकरणारे पाळक तिला दाराशी म्हणाले, "तुझं पुढच्या रविवारी घेऊ, एकटीचं." बुधवारी त्यांना बदलीचं पत्र आलं.

तिला वाटलं होतं, जाताना लिहिलं असेल. सगळी प्रश्नोत्तरं तर आधीच झाली होती. पुढच्या महिन्यात तिनं पडदीशीच प्रभुभोजन घेतलं, कोणी अडवलं नाही. आमच्याकडे अडवतही नाहीत. नव्या पाळकाला वाटलं, एवढी राबणारी बाई म्हणजे सभासद असणारच. त्याच्यानंतरच्यालाही तसंच वाटलं. असे सोळा.

"वर्गप्रमुखांकडे नावं या वहीतूनच जातात ना?" तिनं विचारलं.

"हो. प्रत्येक नवा पाळक यादी काढून देतो."

"म्हणजे तेवढंच होतं," ती म्हणाली.

"काय तेवढंच?"

"काही नाही." तिनं वही मिटून त्याला दिली. पाठ फिरवून भट्टीतले निखारे सारखे करत राहिली. ते सारखेच होते.

पाळक मात्र बोटं मोजत होता. ही नाही म्हणजे पाच. दोन आठवड्यांनी मोठे पाळक येणार. मग त्याला सुचलं, आणि तो हसला. "मावशी, सोपं आहे. त्याच रविवारी तुम्हांला घेऊ. त्यांच्यासमोरच. सहा होतील."

"मी पुढे आले तर मागे कोण?"

"ऑर्गनशिवाय म्हणू गीत."

"कंपाउंडर जीव देईल."

"मग मोठे पाळक आल्यावर मी काय सांगू?"

"पाच सांगा. वहीत पाचच आहेत."

तो गेला तो थेट बाईंकडे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टीच्या दाराशी कोणी खाकरलं. भात्यावालीनं मान वर केली. शाळेतल्या बाई उभ्या होत्या, खांद्याला पिशवी, हातात छत्री.

भात्यावालीनं हातोडा खाली ठेवला. "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. मी आले."

मागच्या खोलीत एकच खुर्ची होती. ती बाईंना देऊन ती पेटीवर बसली. मग उठून फळीवरून वर्तमानपत्रातला कप काढला, दोनदा धुतला, तिसऱ्यांदा धुवायला लागली तेव्हा बाई म्हणाल्या, "अगं, पुरे. फुलं उडतील त्याच्यावरची."

"चौतीस वर्षं मी वर्गप्रमुख आहे," बाई म्हणाल्या. "दर तीन महिन्यांनी तुझ्या दारावरून जाते. मला वाटायचं, तू कंपाउंडरच्या वर्गात."

"आणि कंपाउंडरला?"

"त्यालाच विचारून आले. तो म्हणतो, त्याला वाटायचं तू सुताराच्या वर्गात."

"सुताराला जाऊन वीस वर्षं झाली."

"तेच तर."

"मग आता सुतारालाच विचारावं लागेल," भात्यावाली म्हणाली. "बघू. भेटेल लवकरच."

बाईंना हसू आलं नाही. सगळं आयुष्य मुलांच्या हजेऱ्या घेण्यात गेलेली ही बाई. कोण आलं, कोण नाही, हे विचारल्याशिवाय तिनं एक दिवस सुरू केला नव्हता. "तू कधी बोलली का नाहीस? एका शब्दानं विचारायचं."

"काय विचारू? माझ्या घरी का येत नाही, असं कोणी कोणाला विचारतं का, बाई?"

बाहेर कोणीतरी विळा घेऊन आलं, हाका मारून थकलं आणि निघून गेलं. ती उठली नाही.

"मला वाटायचं काजळीमुळे असेल," ती म्हणाली.

बाईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या पांढऱ्या साडीच्या काठाला काळं लागलं होतं. त्यांनी ते पाहिलं, झटकलं नाही. "रविवारी पुढे ये. चर्चसाठी नको येऊस. चर्च आज ना उद्या बंद व्हायचंच आहे, हे त्या पोराला सांगायचा धीर माझ्यात नाही. मला तुझ्याकडे यायचंय म्हणून ये. यादीत नाव असल्याशिवाय मला कुठं जाता येत नाही, स्वभावच मेला तसा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो बदलायचा कसा?"

भात्यावालीनं बाईंचा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "पोस्टमनचे दंड बरे आहेत."

पोस्टमनला शिकवायला आठ दिवस मिळाले. पहिल्या दिवशी तो दांड्याशी झटापट करू लागला तेव्हा तिनं त्याच्या हातावर चापट मारली. "सायकलला हवा भरतोयस होय रे? सावकाश. गोळ्याकडे बघ."

"गोळ्याकडे बघितलं की हात विसरतो, मावशी."

"आणि हाताकडे बघितलंस की ऑर्गन विसरतो. माणसानं दोन कामं करायला शिकावं."

"तुम्ही कुणाकडे बघता?"

"कुणाकडेच नाही. इथं कोण आहे?"

तिसऱ्या रविवारी मोठे पाळक आले. तीन बाकांवर मिळून चौदा माणसं होती. सभासद पाच, बाकी नातेवाईक आणि हौशी. भात्यावालीनं करड्या रंगाची साडी नेसली होती. घड्या इतक्या पक्क्या होत्या की चालताना त्या वाजत होत्या. बाईंनी तिला पुढच्या बाकावर आपल्या शेजारी बसवलं. बावन्न वर्षांत पहिल्यांदाच तिनं चर्च पुढून पाहिलं. ऑर्गनच्या नळ्यांवर निळ्या रंगाची वेलबुट्टी आहे हे तिला त्या दिवशी कळलं. तिनं बाईंच्या कानाशी विचारलं, "हे आधीपासून आहे?"

पाळकानं तिला पुढे बोलावलं. ठरलेले प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. आवाज घोगरा होता पण पोचला. मंडळी उभी राहिली. कंपाउंडरनं गीत धरलं. तेच जुनं, लांबलचक.

पहिलं कडवं नीट गेलं. पाळकानं तिचा उजवा हात हातात घेतला. दुसऱ्या कडव्याच्या मध्याला सूर किंचित लवला. बाकी कोणाला कळलं नसेल. तिची मान गर्रकन वळली. पडदीमागून दांड्याची खडखड येत होती, फार भराभर. गोळा आता वरच्या रेघेवर असणार. तिचं पाऊल उचललं गेलं.

"मावशी," पाळक हळूच म्हणाला. त्यानं हात सोडला नाही.

"रिकामा होतोय," ती म्हणाली. "दोन ओढ फक्त. येते लगेच."

तिसऱ्या कडव्याला ऑर्गन कळवळला. म्हाताऱ्या जनावरानं बसता बसता सोडावा तसा एक लांब सुस्कारा आला आणि सगळ्या नळ्या बंद पडल्या. कंपाउंडर मेलेल्या पट्ट्या दाबत राहिला. पडदीमागून पोस्टमन ऐकू आला, "अरे देवा." चर्चमध्ये कोणी तरी हसलं. मग काहीच आवाज नाही. सगळे तिच्याकडे बघत होते. तीही बघत होती, पडदीकडे. पाळकानं तिचा हात आता फक्त आधाराला धरला होता, तिला तो सोडवून निघता आलं असतं.

ती उभी राहिली.

कंपाउंडरनं पट्ट्यांवरून हात उचलले. त्यालाही सत्तरी उलटली होती. वाजवणारा गात नाही. त्याचा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता. फाटका, बेसूर आवाज होता. त्यानं ते कडवं जिथं तुटलं होतं तिथून उचललं. मुकादमाच्या सुना त्यात मिसळल्या, मग बाई, मग बाकीचे. भात्यावालीला शब्द येत नव्हते. ती नुसती उभी होती, आणि कडव्याच्या शेवटी सगळे श्वास घेतात तिथं तीही श्वास घेत होती, नेमकी.

मोठ्या पाळकांनी नोंदवहीत सही केली. सहावं नाव तिच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलं गेलं. तिचं आणि बापाचं. शाई वाळेपर्यंत ती वहीवर फुंकर घालत राहिली तेव्हा कंपाउंडर म्हणाला, "तिथंही वारा घालायला तूच?"

"तू वाजव आपला," ती म्हणाली.

चर्च त्या वर्षी वाचलं. आणखी एक वर्ष वाचलं असतंही. पण चौथ्या तिमाहीत भात्यावाली झोपेतच गेली, सभासद पाच उरले, आणि वसंतात मोठ्या पाळकांचं पत्र आलं. आता रविवारी पाचही जण बसनं शहरात जातात. सर्किटच्या पुस्तिकेत आमच्या चर्चची दोन पानं आहेत. घोडा आहे, खाण आहे, सगळ्या पाळकांची नावं आणि वर्षं आहेत.

त्या वर्षात बाई तिच्याकडे चारदा गेल्या. यादीप्रमाणे चारदाच, बाई नियमाच्या पक्क्या. पहिल्यांदा त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला, "जिवाचं कसं चाललंय?" तेव्हा भात्यावाली इतकी गोंधळली की म्हणाली, "बरं आहे, तुमचं?" दुसऱ्या वेळी ती तयारीत होती. "जिवाचं ठीक, गुडघ्याचं विचारा." तिसऱ्या वेळी तिनं स्वतः होऊन सांगितलं, संध्याकाळच्या शांततेचं, जेवण ऐकू येतं त्याचं. बाई तिकीट टेबलावर ठेवून बसून राहिल्या.

चौथी भेट मंगळवारी दुपारी झाली. तिला दोन दिवस कणकण होती. भट्टी बंद होती. खोलीत आता दोन खुर्च्या होत्या, दुसरी तिनं लोखंडाच्या पट्ट्यांची स्वतः केलेली, जरा उंच झालेली, त्यामुळे बाईंचे पाय टेकत नव्हते. दोघी बाईंच्या फाटकाच्या बिजागरीबद्दल बोलल्या, पोस्टमनच्या टळलेल्या बदलीबद्दल, यंदा मुंग्या फार आहेत त्याबद्दल. बाईंनी तिकीट दिलं. तिनं ते आधीच्या तीन तिकिटांवर ठेवून कडा जुळवल्या. मग बाईंनी छत्री घेतली, पिशवी खांद्याला लावली. एका तिमाहीच्या भेटीला जेवढा वेळ द्यायचा तेवढा होऊन गेला होता.

भात्यावाली पातेल्यात डोकावत म्हणाली, "बसा हो अजून जरा. दूध उरलंय."